चौथ्या थरावरची वीज

सर दगड चाटायचे. सोप्या गोष्टी आधी सांगाव्यात म्हणून इथून सुरुवात करतो. अवघड गोष्ट पुढे आहे. ती मी सव्वीस वर्षं दाबून ठेवली, तेव्हा आणखी थोडा वेळ थांबली तर तिचं काही बिघडणार नाही.

चाटण्यामागे शास्त्र होतं. दगडाचा ताजा फुटलेला भाग ओला केला की त्यातले बारीक दाणे उठून दिसतात. बाकीचे प्राध्यापक बाटलीतलं पाणी शिंपडत. सरांचं म्हणणं, पाणी आपल्याला प्यायला आणलं आहे, ते दगडाला कशाला पाजायचं? अमरावतीच्या त्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकायला आलेली आम्ही नऊ पोरं होतो. पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाच्या हातात एकेक काळा तुकडा दिला आणि स्वतःचा चाटून दाखवला. आठ जणांनी तोंड वाकडं करून का होईना, चाटला. नववा मी. मी बोटाला थुंकी लावून दगडावर फिरवली आणि चाटल्याचा आव आणला. सर नेमके माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि कसा लागला म्हणून विचारलं. मी म्हटलं, खारट. खार होता तो माझ्या बोटाचा. पण सरांचा चेहरा उजळला. त्या दगडाच्या पोकळीत खरोखरच कसलातरी खार होता म्हणे. त्या दिवसापासून या पोराची जीभ चांगली आहे, असं ते जो भेटेल त्याला सांगू लागले.

पुढचं सगळं या एका वाक्यात आलं, हे मला फार उशिरा कळलं.

सर उंच, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखे. गळ्यात बुटाच्या नाडीने बांधलेलं भिंग, डोक्याला दुपट्टा, आणि नजर कायम खाली. रस्त्याने जाताना लोक सरांना ओळख द्यायचे, सर ती रस्त्याला द्यायचे. त्यांची स्कूटर डावीकडे कललेली चालायची, कारण डाव्या बाजूच्या डिकीत दगड असत. एकदा राजापेठेतल्या एका लग्नात अक्षता पडायच्या वेळी सर दिसेनात. शोधलं तर ते मंगल कार्यालयाच्या जोत्याशी उकिडवे बसून पायरीचा दगड न्याहाळत होते. आत बँड वाजला तशी त्यांनी मुठीतल्या अक्षता त्या पायरीवरच टाकल्या. नंतर म्हणाले, चुकून झालं. आम्हाला ते कधी पटलं नाही.

त्यांचं स्वतःचं लग्न तर पाट्यामुळे जमलं. काकूंचं माहेर वलगावचं. सर मुलगी पाहायला गेले, पोहे खाल्ले, हात धुवायला मागच्या अंगणात गेले ते परत येईनात. तिथे त्यांना मसाला वाटायचा पाटा दिसला होता. काळ्या दगडात बोटाच्या पेराएवढे पांढरे लांबट खडे, जणू कुणी खारका पेरून ठेवल्यात. लाव्हा फार सावकाश थंडावत गेला तरच असे खडे वाढतात. सर अंगणात बसकण मारून पाट्याला भिंग लावून बसले. बैठकीत मोठी माणसं ताटकळलेली. शेवटी नवरी मुलगीच बाहेर आली. सरांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो, हा पाटा कुणी आणला आणि कुठल्या टेकडीवरून. तिने सांगितलं, पाट्याला टाकी लावणारा माणूस येतो, त्याला विचारा. वडलांनी पसंती विचारली तेव्हा सर म्हणाले की मला देणंघेणं काही नको, एवढा पाटा द्या. काकू ही गोष्ट आल्यागेल्याला सांगत आणि शेवटी म्हणत, "मले पाह्याले थोडीच आल्ता हा माणूस. पाट्याले पाह्याले आल्ता. मी आंदण म्हून संगं आली."

लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात सरांनी त्या पाट्याचा एक कोपरा कापून प्रयोगशाळेत नेला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला दगडाचा कागदासारखा पातळ काप लागतो, त्यासाठी. तेव्हापासून काकूंच्या पाट्याला तीनच कोपरे. चौथ्या बाजूने चटणी ओघळायची. शिवाय ते पांढरे खडे अधूनमधून सुटून ठेच्यात यायचे. खाताना दाताखाली कचकन लागलं की सर घास थांबवून समाधानाने सांगायचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आहे. काकू म्हणायच्या, दात मात्र परवाचेच आहेत.

वेळेचं त्यांचं गणित असं जगावेगळं होतं. लाख वर्षं म्हणजे कालपरवा. कोथिंबीर आणायला गेलेले सर तीन तासांनी हातात धोंडा घेऊन येत आणि आताच तर गेलो होतो म्हणत. पण वेळेचं असं असलं तरी नोंदीच्या बाबतीत त्यांच्यासारखा कडक माणूस मी पाहिला नाही. त्यांच्या घरात पेट्यांमध्ये, पलंगाखाली, देवळीत, जिन्यावर दगड होते आणि एकेका दगडावर पांढऱ्या रंगात नंबर होता. नंबर वाचला की सर ठिकाण सांगत, दिवस सांगत, त्या दिवशी डब्यात काय होतं तेही सांगत.

या नंबरांमागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, रेल्वेत, बडनेऱ्याकडून येताना. त्यांचे वडील चांदूर रेल्वेच्या मागच्या टेकड्यांमध्ये गिट्टी फोडायच्या कामावर होते. रुळांखाली अंथरतात ती गिट्टी. सरही लहानपणी घमेलं उचलायला जात. छप्पन साली घराने धम्म घेतला, तेव्हा आजोबांनी जाहीर केलं की आता हा पोरगा दगड फोडणार नाही, शाळेत जाईल. सर शाळेत गेले, शिकले आणि परत दगडाकडेच आले. "आज्याचा शब्द म्या अर्धाच पाळला," ते म्हणाले. "फोडतो. पण आधी त्याले इचारतो." मग खिडकीतून खाली पळणाऱ्या गिट्टीकडे बघत म्हणाले, बापाने आयुष्यभर फोडलेल्या एकाही खड्यावर नंबर नाही, म्हणून माझ्या एकेका खड्यावर आहे.

आता चकतीबद्दल सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपलं वऱ्हाड लाव्हाच्या थरांवर बसलेलं आहे, एकावर एक रचलेल्या भाकरींसारखं. प्रत्येक थर थंड होताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या काळच्या उत्तरेकडे तोंड करून गोठले. आणि पृथ्वीचं चुंबक मधूनमधून उलटं होतं, उत्तरेची दक्षिण होते. त्यामुळे काही थर आजच्या उत्तरेकडे बोट दाखवतात, काही बरोबर उलटीकडे. चिखलदऱ्याच्या घाटात हा पालट कुठल्या थरावर होतो, हा सरांचा ध्यास होता. थरांमधली तांबडी माती नुसती पाहून त्यांनी सांगून ठेवलं होतं की पठारावरून उतरताना चौथा थर. त्यावर त्यांचा पीएचडीचा प्रबंध होता. ते सिद्ध करायला प्रत्येक थरातून सहा दगड हवे होते. मात्र दगड सुटा करण्याआधी तो जागेवर कुठल्या दिशेला तोंड करून होता, याचा बाण त्याच्यावर काढायला हवा. एकदा सुटला की दगडाची दिशा गेली. मग तो नुसता धोंडा.

हा बाण काढायला लोक होकायंत्र वापरतात. सर वापरत नसत. काळा दगड स्वतःच थोडा चुंबक असतो, सुई त्याच्याकडे वळते. ज्याची साक्ष घ्यायची त्यालाच खरं काय ते विचारायचं का, असा त्यांचा सवाल होता. म्हणून त्यांनी राजकमल चौकाजवळच्या सुताराकडून सागाची एक चकती करून घेतली होती. मधोमध खिळा, कडेला अंशांच्या खुणा. चकती दगडावर ठेवायची, खिळ्याची सावली कुठे पडते ते पाहायचं, घड्याळातली वेळ लिहायची, त्यावरून खरी उत्तर काढायची, बाण मारायचा, आणि नंतरच हातोडा. "बाण आधी, हातोडा मंग," हे त्यांचं वाक्य आम्ही झोपेतही म्हणत असू. त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात तर फारच.

अर्थात ढग आला की सरांचं शास्त्र बंद. मग भाकर-ठेचा काढायचा, खायचा, दुपट्टा तोंडावर घेऊन आडवं व्हायचं. एकदा घाटात दोन दिवस ऊन पडलं नाही तर आम्ही दोन दिवस झोपून परत आलो होतो. आम्ही वैतागायचो. सर म्हणायचे, हा थर साडेसहा कोटी वर्षं थांबला, तुम्हाला संध्याकाळची एसटी गाठायची घाई.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी चौथा थर राहिला होता. सरांना परीक्षेच्या कामासाठी अमरावतीत थांबावं लागलं. त्यांनी चकती माझ्या हातात दिली. चकती ते कुणालाही देत नसत. म्हणाले, तू एकटाच जा, तुझी जीभ चांगली आहे, हातही चांगला असेल.

मी गेलो. सकाळच्या उन्हात तीन दगड नियमाने काढले. एक, दोन, तीन. मग ढग आला. तासभर थांबलो. दोन तास थांबलो. गार वारा सुटला, भाकर संपली. रिकामं बसण्यापेक्षा, म्हणून मी पुढचे तीन दगड हातोड्याने सुटे करून ठेवले आणि खोबणीत जसेच्या तसे परत बसवले. ऊन आलं की नुसता बाण मारायचा, हुशारी माझी. ऊन आलं नाही. बांबूचा एक ट्रक थांबला. परतवाड्याला येतो का, ड्रायव्हरने विचारलं.

कारण मोठं असतं तर बरं झालं असतं. आई आजारी असती, कुठे मुलाखत असती. त्या दिवशी होस्टेलवर टीव्हीला मॅच होती, एवढंच.

मी खोबणीत बसवलेल्या दगडांवर होकायंत्र धरलं. सुई हलत राहिली. त्यातला एक दगड खोबणीत नीट बसतही नव्हता, मी तो कसा बसला होता हेच विसरलो होतो. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मी तीन बाण अंदाजाने मारले. चार, पाच, सहा. मग नोंदवहीत सावलीच्या रकान्यात वेळ लिहिली. सावली नसताना.

मॅच आपण हरलो.

सर ते दगड ट्रंकेत भरून दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत स्वतः घेऊन गेले. निकाल आला. इतर थरांचे सहाही दगड एकमेकांशी जुळत होते. चौथ्या थराचे पहिले तीन एका दिशेला, उरलेले तीन तीन वेगळ्या दिशांना. मला वाटलं, आता मला बोलावतील. त्यांनी बोलावलंही. मी दारात उभा राहिलो. ते म्हणाले, बस, आणि माझ्यापुढे कागद सरकवला. कुणीतरी सुचवलं होतं की पहिले तीन ठेवा, बाकीचे टाकून द्या, तुमचं म्हणणं सिद्ध होतंच आहे. सर मला म्हणाले, "आवडते ते ठेवायचे न नावडते फेकायचे? बायको नाई करत असं भाजी निवडताना. किडकं काहून हाय ते तरी पाहते ना."

तेव्हा बोलायचं होतं. ट्रक, मॅच, होकायंत्र, चार वाक्यं. मी कागदाकडे बघत राहिलो.

सरांनी कारण शोधलं. उघड्या कड्यावर वीज पडली तर दगडातली जुनी दिशा पुसली जाते, हे शास्त्राला माहीत आहे. सरांनी ठरवलं की चौथ्या थरावर वीज पडली असावी. हाताखालच्या पोरावर संशय घेण्यापेक्षा त्यांनी तो आभाळावर घेतला. मग हा माणूस घाटातल्या वस्तीवर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत फिरला, इथे कधी वीज पडली होती का? वीज कुठे पडत नाही? एका म्हाताऱ्याने, चहा पाजणाऱ्या पाहुण्याचं मन कशाला मोडा म्हणून, पडली होती असं सांगितलं. एक बैलही मेला होता म्हणाला. सरांनी बैलासकट लिहून घेतलं.

एक गोष्ट त्यांना खटकायची. वीज पडलेल्या दगडाचा चुंबकी जोर खूप वाढतो. यांचा वाढला नव्हता. वर्गात ते सांगायचे, "लय गरीब वीज असंल थे." पोरं हसायची. मी दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसायचो. गरीब वीज नोट्स काढत होती.

सरांनी प्रबंध स्वतः मागे घेतला. ज्या थरावर सगळं उभं होतं त्याचीच साक्ष मिळत नाही, मग सांगायचं काय? पाच-सहा वर्षांनी बाहेरून एक चमू आला, त्यांनी घाट नव्याने मोजला आणि छापलं की पालट चौथ्या थरावर होतो. सरांनी त्यांना अभिनंदनाचं पत्र लिहिलं. कॉलेजच्या फळ्यावर तो लेख लावला आणि खाली खडूने लिहिलं, ‘बरोबर आहे.’ सर निवृत्त झाले ते सर म्हणूनच. डॉक्टर झाले नाहीत. काकू थट्टेत म्हणायच्या की मला डॉक्टरीणबाई म्हणवून घ्यायची हौस होती, ती वीज खाऊन गेली. मी त्यांच्या हातचा चहा पीत ते ऐकायचो.

मला भूजलाच्या कामात सरकारी नोकरी लागली. विहिरी कुठे खणायच्या, बोअर किती खोल न्यायची हे मी लोकांना सांगतो. लोक ऐकतात. चूक निघाली तर दगडावर ढकलता येतं, ही विद्या माझ्याकडे होतीच. बदली होत होत अकोल्याला आलो, तर सरही मुलीजवळ राहायला अकोल्यात आलेले. दर महिन्या-दोन महिन्यांनी मी जात असे. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि चिवडा खाऊन परत यायचो.

मधल्या काळात ती वीज चांगली नांदू लागली. घाटाच्या त्या वळणावर चहाची टपरी झाली. टपरीवर ‘विजेचा कडा’ अशी पाटी लागली. पर्यटक फोटो काढू लागले. मग कुणीतरी दगडाला शेंदूर फासला. मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि नंतर बराच वेळ उदास बसले. अख्खं आयुष्य देव न मानता काढलं, म्हणाले, आणि जाताजाता एक देव करून ठेवला.

गेल्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. शाळेच्या पोरांसाठी त्यांनी ‘आपल्या पायाखालचे दगड’ म्हणून एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. छापायला जायच्या आधी मी एकदा वाचावं. मी गेलो. ऑक्टोबर असूनही अकोल्यात कूलर चालू होता. आता अठ्ठ्याहत्तरीचे सर बनियनवर बसले होते. मी वाचायला घेतलं. सातव्या धड्याचं नाव होतं, ‘चौथ्या थरावरची वीज’. त्यात बैल होता. वीज दगडाची आठवण कशी पुसते हे फार छान समजावलं होतं. धड्याखाली स्वाध्याय होता: वीज कोणत्या थरावर पडली?

हजार पोरं त्याचं उत्तर लिहिणार होती.

मी कागद खाली ठेवले. सांगितलं, "सर, तिथे वीज पडली नाही. ते मी होतो."

मग सगळं सांगितलं. ट्रक, मॅच, रिकामी खोबण. कुठेही रंग न देता, विहिरीचा अहवाल वाचावा तसं. कूलरचा आवाज चालू होता. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते मला नंतर दिसलं.

सरांनी विचारलं, "नंबर कोणते?"

"चार, पाच, सहा."

"पक्कं?"

"पक्कं, सर."

ते उठले, पलंगाखालची पेटी ओढली, जुनी नोंदवही काढली. चार, पाच, सहा यांवर पेन्सिलीने एकेक रेघ मारली. प्रत्येक रेघेपुढे बारीक अक्षरात कारण लिहिलं: ऊन नव्हतं. मग चष्मा बदलून उरलेल्या तीन दगडांचं गणित मांडायला बसले. कॅल्क्युलेटर होता, त्यांनी घेतला नाही. अर्धा तास गेला असेल. मला उठून जाता येत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. काकूंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. माझ्यापुढे ठेवला नाही. त्या घरात हे पहिल्यांदा झालं.

गणित जुळलं. चौथा थर. ते त्या आकड्याकडे बघत राहिले.

"म्या त्या लोकायले पत्र लिहिलं होतं," ते म्हणाले. "तुमचं बरोबर हाय म्हून. माह्यंबी बरोबर होतं मंग."

 माफी मागायची म्हणून घरून वाक्य जुळवून आणलं होतं, ते म्हणायचं राहिलं. काकू म्हणाल्या, "दोन वर्षं झोपला नाही हा माणूस त्या विजेपाई. उठून उठून आभाळाकडं पाहे. तू येऊन चिवडा खाऊन जाय."

"खाऊ दे वं," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "रागावनार हाव मी तुह्यावर. सोडनार नाई. पन रागाले टाइम हाय, उन्हाले नाई. गाडी हाय ना तुही? उद्या जाऊ. साक्ष सहा जनाची पाह्यजे, तीन जनावर मी काई छापत नसतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मागच्या सीटवर काकू, मांडीवर डबा. गाडीत सर वाटभर माझ्यावर रागावले, शब्द दिल्याप्रमाणे. अकोट ते परतवाडा पूर्ण रागावले. माझ्या चाटण्याच्या नाटकाचंही मी तेव्हाच कबूल करून टाकलं. ते मात्र त्यांना जास्त लागलं. दगड खोटा निघतो, जीभही खोटी का, म्हणाले, आणि घाटाच्या पायथ्याच्या धामणगावापर्यंत बोललेच नाहीत.

घाटात ऊन लख्ख होतं. वळणावर टपरी, पाटी, आणि शेंदराने माखलेला माझा कडा. चार, पाच, सहाच्या तिन्ही खोबणी अजून होत्या. एका खोबणीत कुणीतरी नारळ फोडला होता. मी दगडाजवळ हातोडा ठेवला तसा टपरीवाला समोरच्या दोन गिऱ्हाइकांना सोडून धावत आला. विजेच्या दगडाला हातोडा लावू नका म्हणाला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. सांग त्याले, असा अर्थ होता.

मी टपरीवाल्याला सांगितलं की इथे वीज कधी पडलीच नाही. सव्वीस वर्षांपूर्वी मी इथले दगड चुकीचे काढले, आणि ती चूक लपवली, त्यातून ही गोष्ट झाली. या चुकीची आयुष्यात दुसऱ्यांदा कबुली देत होतो, चोवीस तासांच्या आत, आणि पहिल्यापेक्षा सोपी गेली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"नाही सायेब," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुमची काही चुकी झाली असंल, थे वेगळी. वीज पडली ना पन. माह्या बापानं डोळ्यानं पाह्यली. बैल मेला आमचा."

सर खाली बसून हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, काकूंनी पाणी दिलं. दम खाऊन ते मला म्हणाले की मी तुला माफ करीनही कदाचित, पण हा गडी काही तुझी वीज परत घेत नाही. ती आता तुझी राहिली नाही. शेवटी टपरीवाल्याशी तह झाला. शेंदराच्या दगडाला हात लावायचा नाही, हातभर बाजूला त्याच थरातून तीन दगड घ्यायचे आणि त्याच्याकडे तीन चहा प्यायचे.

सरांनी पिशवीतून चकती काढली. सागाची, तीच. खिळा गंजून तांबडा झाला होता. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी दगड पुसला, चकती ठेवली, सपाट बसली का पाहिलं, खिशातलं घड्याळ काढलं. खिळ्याची सावली पडली होती, काळी, बारीक. मी वाकलो, आणि ती फिकी होत गेली. पठारावरून ढग येत होता.

मी वर पाहिलं. ढग मोठा होता, मागे आणखी होते. मोबाइलमध्ये आता दिशा कळते, उपग्रहावरून, ते माझ्या तोंडावर आलं होतं. मी बोललो नाही. सरांनी दुपट्टा अंथरला आणि तोंडावर टोक ओढून आडवे झाले. काकूंनी डबा उघडला. भाकरी, त्याच पाट्यावरचा ठेचा. घास घेतला तर दाताखाली कचकन काहीतरी लागलं. मी ते जिभेवर फिरवलं, खरोखरच फिरवलं, चव घेतली. खारट नव्हतं. कसलीच चव नव्हती.

टपरीवाल्याने विचारलं, किती वेळ बसणार, संध्याकाळी पाऊस येईल.

मी हातोडा बाजूला ठेवला आणि म्हटलं, ऊन येईपर्यंत.